तिसऱ्या नकोपर्यंत

माझ्या नवऱ्याला, राजीवला, 'हो' म्हणता येत नाही. म्हणजे पहिल्या झटक्यात येत नाही. कोणी काही देऊ केलं की याच्या तोंडून आधी "नो, नो, प्लीज" निघतं आणि मग समोरचा आग्रह करेल म्हणून हा वाट बघत बसतो. आमच्या नागपुरात हे चालतं. तिथे पाहुणा ओरडेस्तोवर वाढतात. पुण्याचं मला सांगू नका. पण इंग्लंडात एकदा 'नो' म्हटलं की विषय संपला.

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच वर्षी याच्या साहेबांनी, मिस्टर विटकॉमनी, आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोने भाजलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे केलं. राजीव म्हणाला, "नो, नो." त्याच्या मागोमाग मीही म्हटलं. बाईंनी भांडं उचललं ते थेट आत नेऊन ठेवलं. परतताना आम्ही पेट्रोल स्टेशनवर क्रिस्प्स घेतले आणि गाडीत बसून खाल्ले. पुढे त्याच विटकॉमनी याला विचारलं, "राजीव, टीमचा हेड व्हायला आवडेल का? तास जरा लांब असतात." हा म्हणाला, "नो, नो, आय अॅम फाइन." पद एका कालच्या पोराला गेलं, आणि हा घरी येऊन तोंड पाडून म्हणतो, "एकदा तरी आणखी विचारायला हवं होतं गं त्यांनी." डोंबल विचारतायत! भीड भिकेची बहीण, ही म्हण आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावायला हवी.

राजीवचं काम म्हणजे देशांची कर्जं. गरीब देशांची बुडीत कर्जं कवडीमोलाने विकत घेणारी काही मंडळी लंडनमध्ये आहेत. कोणता देश किती पिळला की किती निघेल, याचा हिशेब राजीवची कंपनी त्यांना मांडून देते आणि त्यांच्या वतीने त्या देशांशी बोलणीही करते. मी 'पिळणं' म्हणते, तो 'सस्टेनेबिलिटी' म्हणतो. मी कौन्सिलच्या ऑफिसात पार्किंगच्या दंडाच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे माझी जीभ आणि आवाज दोन्ही चढलेलेच असतात.

तर दोन हजार नऊचा उन्हाळा. आदल्या वर्षी इथल्या बँका गडगडल्या होत्या आणि सरकारने पोत्याने पैसे ओतून त्यांना उभं केलं होतं. विचारलं तेव्हा एकही बँक 'नो, नो, प्लीज' म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ब्रिटनच्या स्वतःच्या कर्जाचा आकडा रोज टीव्हीवर फुगत होता, आणि त्याच शहरात बसून विटकॉमसाहेब बेलांगाला काटकसर शिकवत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बेलांगा म्हणजे नकाशावर टिकलीएवढं बेट. तिथे नुकतीच क्रांती झाली होती. जुने जनरलसाहेब ऋण काढून सण करणारे. भर विषुववृत्तावर त्यांनी बर्फावरच्या स्केटिंगचं मैदान बांधलं आणि चौकात स्वतःचा घोड्यावरचा पुतळा उभारला, सगळं लंडनच्या उधारीवर. क्रांती झाली तेव्हा जनरल विमानात बसून पळाले. लोकांनी दोर लावून पुतळ्यातला जनरल खाली पाडला, घोडा तेवढा ठेवला, कारण घोड्याने काही केलं नव्हतं. त्या घोड्याचे हप्ते मात्र नव्या सरकारला चुकले नाहीत. कर्जाला क्रांती कळत नाही.

त्यात तिथे कॉलरा सुटला. पाण्याच्या टाक्या जनरलने बांधल्याच नव्हत्या, त्यांचे पैसे बर्फात गेले होते. सलाईन, ओआरएस आणि पाण्यात टाकायची क्लोरीन पावडर भरलेलं एक जहाज युरोपातल्या बंदरात तयार उभं होतं, पण लंडनहून पैशाची हमी गेल्याशिवाय ते हलणार नव्हतं. आणि हमी हवी तर आधी करारावर सही. करारात एक कलम होतं: बेलांगाच्या बंदरात जी कस्टम ड्यूटी जमेल ती आधी जुन्या कर्जाला जाईल, उरलं तर दवाखान्यांना. म्हणजे आधी घोडा, मग माणसं.

या सहीसाठी तिथल्या मंत्रीणबाई लंडनला आल्या. डॉक्टर तेरेझा मबोना. आल्या त्या मीटिंगमध्येच दोनदा खोकल्या, आणि ऑफिसचा सगळा मजला हबकला, कारण स्वाइन फ्लूचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी ताप. हॉटेलवाल्यांनी हात जोडले. विटकॉमनी राजीवला फोन केला. एअरपोर्टवरून आणताना टॅक्सीत तो त्यांच्याशेजारी बसला होता, म्हणजे लागण व्हायची ती झालीच असणार ना! "राजीव, तुमच्या घरी त्यांची सोय करणं फार त्रासाचं होईल, नाही का?"

आणि माझा नवरा म्हणाला, "नो, नो, नो ट्रबल अॅट ऑल."

"मला वाटलं ते म्हणतील, छे छे, तुला कशाला त्रास," तो मला नंतर म्हणाला. तोवर एका स्वतंत्र देशाच्या मंत्रीणबाई मास्क लावून लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरच्या आमच्या सेमी-डिटॅच्ड घराच्या दारात बॅग घेऊन उभ्या होत्या. कर्म माझं!

आत घेतलं. घेणार नाही तर काय करणार? सरकारी फ्लू-लाइनला फोन केला. टॅमीफ्लूच्या गोळ्या घ्यायला दाखवायचा नंबर मिळाला, आणि वर सूचना, की घरातल्यांनी बाहेर पडू नये, औषध आणायला एक 'फ्लू फ्रेंड' नेमावा. मी मधुमतीताईंना सांगितलं. त्या आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. एरवी माझ्या पुरणपोळीसाठी स्वतः डबा घेऊन येतात. त्यांनी औषधाची पिशवी गेटच्या खिळ्याला अडकवली आणि लांबून हात हलवून पळाल्या.

तेरेझा खिडकीतून बघत होती. "म्हणजे इथे शिंक आली की सरकार औषध फुकट देतं, आणि वर एक मैत्रीणही ठेवायला सांगतं?" मला हसू येईना. तिच्याकडे सलाईनची एक बाटली दोघांत वाटत होते.

वयाने ती माझ्याएवढीच, त्यामुळे दोन दिवसांत आमचं अगं-तुगं सुरू झालं. बोलायची ती इंग्रजीत, मी सांगतेय माझ्या भाषेत. क्रांतीनंतर त्यांच्याकडे शिकलेली माणसं कमी पडली, म्हणून आरोग्य आणि अर्थ ही दोन्ही खाती हिच्याच गळ्यात पडली. ते कसं चालतं, हे तिने मला आमच्या डायनिंग टेबलावर करून दाखवलं. एका खुर्चीवर बसून म्हणाली, "अर्थमंत्री महोदया, क्लोरीनसाठी पैसे द्या, माणसं मरतायत." मग उठून पलीकडच्या खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि म्हणाली, "आरोग्यमंत्री महोदया, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. पैसे नाहीत." परत उठून पहिल्या खुर्चीवर. "सगळ्यात वाईट काय माहीत आहे?" ती म्हणाली, "मला दोघींचंही पटतं."

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. मी तिला आल्याचा चहा दिला.

ताप उतरल्यावर पहिल्यांदा ती टेबलावर जेवायला बसली त्या दिवशी मी वरण-भात आणि भरली वांगी केली होती. "आणखी भात?" ती म्हणाली, "नको, थँक यू." मी वाढला. "नको, नको." मी आणखी वाढला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसून तिने स्वतःच ताट पुढे केलं. राजीवचा चेहरा असा उजळला, जणू मेळ्यात हरवलेला भाऊ सापडला.

"तुमच्याकडेपण?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते," तेरेझा म्हणाली. "हावरट म्हणतील, म्हणते. माझी आई अजून तशीच आहे. मी मंत्री झाले तेव्हा घरी सरकारी गाडी पाठवली. आईने ड्रायव्हरला सांगितलं, मला नको, कोणा म्हाताऱ्या माणसाला न्या. स्वतः शहात्तर वर्षांची! पाण्यालासुद्धा सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहते."

"आणि खरंच नको असेल तर?" तिने मला विचारलं. "तुमच्यात ते कसं कळतं?"

मी माझ्या ताटावर हात आडवा धरून दाखवला. "असा हात आला की संपलं. मग ब्रह्मदेव आला तरी वाढायचं नाही."

तिने तिच्या ताटावर हात धरून बघितला. मग मला म्हणाली, "पण माझ्यासाठी आज अजून एक वांगं चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी विटकॉमचा फोन होता. सही पुढच्या आठवड्यात ऑफिसात होणार, तोवर बोलणी फोनवर. राजीव बर्म्युडा घालून बसला होता, पण वर शर्ट आणि टाय. फोनवर टाय दिसत नाही हे त्याला कोण सांगणार? तेरेझा माझी शाल पांघरून शेजारी. स्पीकर लावलेला. मी पलीकडे पोळ्या लाटत होते. आदल्या संध्याकाळी तिला घरून फोन आला होता, रोग बंदराकडून तिच्या आईच्या वस्तीपर्यंत पोचला होता. रात्रभर ती झोपली नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरूनच दिसत होतं.

बरीच कलमं झाली. मग विटकॉम खाकरले. "डॉक्टर मबोना, एकंदर परिस्थिती बघता आमच्या मनात आलं... सहीच्या आधीच जहाजाची हमी देऊन टाकावी, असं तुम्हाला वाटतं का? आपलं एक सदिच्छा म्हणून."

माझं लाटणं थांबलं. मी म्हटलं, देव पावला!

तेरेझा मान तुकवून, अगदी आईच्या वळणाने म्हणाली, "आपण फार दयाळू आहात. नको, नको, एवढं आम्ही कसं मागणार?"

आणि राजीव, माझा नवरा, इंद्रासनाऐवजी निद्रासन मागणाऱ्या कुंभकर्णाचा अवतार, घाईघाईने म्हणाला, "नो, नो सर, प्लीज, उगीच तसदी घेऊ नका."

मग दोघंही फोनकडे बघत बसली. आता तो दुसऱ्यांदा विचारेल म्हणून! फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला. "ठीक आहे, जशी तुमची इच्छा. पुढचा मुद्दा..."

तेरेझाचा चेहरा खर्रकन उतरला. राजीवचा तर बघवेना. काय झालं ते दोघांनाही कळलं होतं, पण बोलणार कोण? आता हो म्हणणं म्हणजे मघाचं नको खोटं होतं असं कबूल करणं. सभ्यपणा आडवा आला ना! तिकडे माणसं मरत होती आणि इकडे दोन सुसंस्कृत माणसं भाजलेल्या बटाट्यांचं भांडं आत जाताना बघत बसली होती.

मी पिठाच्या हाताने फोन ओढला.

"मिस्टर विटकॉम, रश्मी बोलतेय, राजीवची बायको. ती हो म्हणतेय."

"माफ करा, त्या तर नो म्हणाल्या."

"ते पहिलं नो आहे. त्याला काही अर्थ नसतो. तुम्ही परत विचारायचं असतं. विचारा."

"मला नाही वाटत की..."

"विचारा!" हा माझा ऑफिसातला आवाज. याच्यापुढे भल्याभल्यांनी दंड भरलेत.

इंग्रज माणूस एक वेळ कर्ज सोडेल, पण त्याला तमाशा सोसवत नाही. विटकॉमनी विचारलं. तेरेझा म्हणाली, "नको, खरंच." मी म्हटलं, "परत." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आवाजात थोडी भीती होती. तेरेझाने डोळे मिटले आणि म्हणाली, "हो. कृपा करून. हो."

त्याच दुपारी हमी गेली आणि जहाज सुटलं. त्या दिवशी राजीव स्वतः भांडी घासायला उभा राहिला, मी घासू दिली.

पण कलम अजून तसंच होतं. पुढच्या आठवड्यात सहीला मीही गेले. रिसेप्शनवर अडवलं, तर तेरेझा ताठ मानेने म्हणाली, "या माझ्या फ्लू फ्रेंड आहेत." तसा नियम असतो की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सोडलं.

विटकॉम बदललेले दिसले. त्या फोननंतर कंपनीने 'कल्चरल अवेअरनेस'चा एक तज्ज्ञ बोलावून त्यांना शिकवणी दिली होती. त्यांनी करार पुढे सरकवला आणि पेन ठेवलं. तेरेझा म्हणाली, "नो. आधी दवाखाने, मग कर्ज. असं असेल तरच सही करेन."

विटकॉम गोड हसले. राजीवकडे बघून त्यांनी डोळासुद्धा मिचकावला. "अर्थात! मग मी परत विचारतो. समजा, स्केटिंगचं मैदान आम्ही यातून वगळलं तर?"

"नो."

"उत्तम, उत्तम. आता तिसऱ्यांदा. घोडाही वगळला!"

खरं नको होतं हो ते! आणि हा शिकलेला मनुष्य खुशाल एकेक कर्ज माफ करत 'हो'ची वाट बघत होता. मी गाल आतून चावून हसू दाबलं. शिकवणीचे पैसे बेलांगाने द्यायला हवे होते.

तेव्हा तेरेझाने उजवा हात उचलला आणि त्या कागदावर आडवा ठेवला.

विटकॉम गोंधळले. हे शिकवणीत आलं नव्हतं. त्यांनी राजीवकडे पाहिलं. मीही पाहिलं. हा आता 'नो प्रॉब्लेम, सर' म्हणतो की काय! राजीवने टाय सैल केला.

"सर," तो म्हणाला, "ताटावर हात आलाय. आता वाढायचं नाही. हे खरं नो आहे."

"मग पहिल्यांदाच तसं का नाही सांगितलं?"

"पहिल्यांदाच सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही हसलात."

बराच वेळ फोनाफोनी झाली. शेवटी त्या कलमातली क्रमवारी उलटी झाली. पैसे लावणाऱ्यांचं काय जात होतं? त्यांनी कर्ज रद्दीच्या भावात उचललं होतं, उशिरा मिळालं तरी फायदाच. तेरेझाने सही केली. बाहेर येऊन फुटपाथवर तिने मला मिठी मारली, तिथे दोघींनाही खोकला आला आणि आजूबाजूचे लोक पांगले.

निघताना मी तिला चकल्यांचा डबा दिला. "नको, नको," म्हणाली. मी बॅगेतच कोंबला. राजीव तिला एअरपोर्टवर सोडून आला तो आनंदाने फुललेला. विटकॉमनी त्याला पुन्हा हेड होशील का विचारलं होतं.

"मग?"

तो माझ्याकडे बघेना. "अगं, ते इतकं अचानक विचारलं..."

गाढवापुढे वाचली गीता!

मग कितीतरी दिवस तिची काही खबर नव्हती. एका रविवारी फोन आला. लाइन खरखरत होती. जहाज पोचलं, म्हणाली. क्लोरीन सगळ्या वस्त्यांत गेलं, वॉर्डातली गर्दी ओसरतेय. "आणि ऐक, आरोग्यमंत्र्यांनी अर्थमंत्र्यांकडे टाक्यांसाठी पैसे मागितले. पहिल्याच विचारण्याला हो मिळालं!" आम्ही दोघी हसलो. चकल्या विमानातच संपल्या, म्हणाली.

"आणि तू? घरचं सगळं ठीक ना?" मी विचारलं.

"ठीक, ठीक. काही नाही."

आवाज बरा वाटला नाही. मी म्हटलं, "तेरेझा, घरी कसं आहे?"

"अगं, ठीक आहे. खरंच."

राजीव टीव्ही बंद करून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी तिसऱ्यांदा विचारलं.

मग ती रडायला लागली. मंत्रीणबाई नाही, डॉक्टर नाही, नुसती कोणाची तरी मुलगी रडते तशी. आई गेली होती. जहाज यायच्या आधीच. मलाही रडू आवरेना.

"वॉर्डात शेवटची बाटली उरली होती," ती म्हणाली. "नर्सने आईला विचारलं, लावू का? आई म्हणाली, मला नको, त्या पलीकडच्या पोरीला लाव. नर्स बिचारी दोन दिवस झोपलेली नव्हती, रश्मी. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही."